ब्राउझरमधील ॲड-ऑन आणि वापरकर्त्याचा अधिकार : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

मूळ सॉफ्टवेअरला नवी क्षमता जोडणाऱ्या लहान आज्ञावलींना एक्स्टेन्शन अथवा ॲड-ऑन असे म्हणतात. त्या कोणी बसवाव्यात, कोणी काढाव्यात आणि त्यांना किती मोकळीक असावी, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. वस्तुतः तो अधिकाराचा प्रश्न आहे. प्रस्तुत निबंधात इंटरनेट ब्राउझरच्या संदर्भात या अधिकाराच्या स्थित्यंतराचा मागोवा घेतला आहे.

पूर्वपीठिका

१९७६ मध्ये एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत ईमॅक्स हा मजकूर-संपादक आकारास आला. त्यात प्रमुख वाटा रिचर्ड स्टॉलमन यांचा होता. वापरणाऱ्यास स्वतः लिहिलेल्या आज्ञा त्यात समाविष्ट करता येत. वापरणारा आणि घडविणारा हे दोघेही तज्ज्ञच असल्यामुळे त्यांच्यात अधिकाराचा तंटा उद्भवला नाही. ब्राउझर सामान्य माणसाच्या हाती आल्यावर मात्र ही स्थिती पालटली.

मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोररच्या तिसऱ्या आवृत्तीत ॲक्टिव्हएक्स आणि १९९७ मध्ये चौथ्या आवृत्तीत ‘ब्राउझर हेल्पर ऑब्जेक्ट’ ही सोय आणली. अन्य सॉफ्टवेअरबरोबर नकळत येणाऱ्या टूलबारांना आणि हेरगिरी करणाऱ्या आज्ञावलींना त्यामुळे वाट मिळाली. बसविलेल्या ॲड-ऑनची यादी पाहून नको ते बंद करण्याची सोय ब्राउझरमध्येच उपलब्ध झाली, ती ऑगस्ट २००४ मधील विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकमुळे. तोपर्यंत आपल्या ब्राउझरमध्ये काय चालले आहे, हे जाणण्याचे साधे साधनही सामान्य वापरकर्त्यापाशी नव्हते.

फायरफॉक्स आणि संमतीचा प्रश्न

९ नोव्हेंबर २००४ रोजी फायरफॉक्सची पहिली पूर्ण आवृत्ती प्रसिद्ध झाली. त्यातील एक्स्टेन्शनना ब्राउझरच्या अंतर्भागापर्यंत प्रवेश होता आणि ती काढून टाकण्याचा अधिकार वापरकर्त्याकडे होता. या व्यवस्थेची मर्यादा २००९ मध्ये उघड झाली. मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेट फ्रेमवर्कच्या अद्ययावतीकरणाबरोबर एक ॲड-ऑन न विचारता फायरफॉक्समध्ये बसविले गेले आणि ते काढण्याचे बटणही निष्क्रिय होते. पुढे ती उणीव दूर करण्यात आली. तथापि ऑक्टोबर २००९ मध्ये सुरक्षेतील दोषामुळे मोझिलाने ते ॲड-ऑन दूरस्थपणे रोखले. म्हणजे ॲड-ऑनचा प्रवेश एका संस्थेने ठरविला, तर त्याची बंदी दुसऱ्या संस्थेने. संगणकाचा धनी दोन्ही वेळा केवळ साक्षीदार राहिला.

या अनुभवांनंतर नोव्हेंबर २०११ मधील फायरफॉक्स ८ मध्ये, बाहेरील सॉफ्टवेअरने घातलेली ॲड-ऑन वापरकर्त्याने होकार देईपर्यंत बंद ठेवण्याचा नियम आला. २०१३ मध्ये क्रोमच्या २५ व्या आवृत्तीनेही तशीच तरतूद केली. संमतीचे तत्त्व येथे प्रथमच व्यापक प्रमाणावर मान्य झाले.

संरक्षणातून नियंत्रणाकडे

केवळ संमतीने दुष्ट आज्ञावलींना आळा बसेना, तेव्हा निर्मात्यांनी प्रमाणीकरण हाती घेतले. २०१४ पासून विंडोजवरील क्रोमसाठी सर्वसाधारण वापरकर्त्यास केवळ गूगलच्या वेब स्टोअरमधील एक्स्टेन्शन वापरता येऊ लागली. फायरफॉक्सने डिसेंबर २०१५ मध्ये मोझिलाची डिजिटल स्वाक्षरी आवश्यक केली आणि ऑगस्ट २०१६ मध्ये, ४८ व्या आवृत्तीपासून, नियमित आवृत्तीतील सवलतीचा पर्यायही काढला. विकासकांसाठीच्या स्वतंत्र आवृत्तीत तो शिल्लक राहिला.

या केंद्रीकरणाची किंमत मे २०१९ मध्ये कळली. स्वाक्षरी-साखळीतील एका प्रमाणपत्राची मुदत संपली आणि जगभरातील असंख्य फायरफॉक्स वापरकर्त्यांची ॲड-ऑन एकाएकी बंद पडली. जाहिराती वा माग काढणारी यंत्रणा रोखण्यासाठी त्यांवर विसंबलेल्यांचे संरक्षणच नाहीसे झाले. दोष ॲड-ऑनमध्ये नव्हता आणि वापरकर्त्याची चूकही नव्हती.

क्रोमच्या इतिहासात दोन्ही प्रवाह एकाच वर्षी दिसतात. ऑक्टोबर २०१८ मधील ७० व्या आवृत्तीने एखादे एक्स्टेन्शन कोणत्या संकेतस्थळांवर चालावे, हे ठरविण्याची मुभा वापरकर्त्यास दिली. त्याच वर्षाअखेरीस ‘मॅनिफेस्ट व्ही ३’चा आराखडा पुढे आला. त्यानुसार ब्राउझरकडून जाणारी प्रत्येक मागणी तपासून रोखण्याची एक्स्टेन्शनची क्षमता काढून घेण्यात आली. तिच्या जागी आधी घोषित केलेल्या नियमांनुसार ब्राउझरनेच रोखण्याची पद्धत आली. सुरक्षा, खासगीपणा व गती ही कारणे गूगलने दिली. जाहिरातींवर उत्पन्न अवलंबून असणाऱ्या कंपनीने जाहिरात-रोधकांची शक्ती घटविली, असा टीकाकारांचा आक्षेप होता. २०२५ मध्ये क्रोममधील जुन्या पद्धतीचा आधार पूर्णतः संपला आणि यूब्लॉक ओरिजिन हे लोकप्रिय एक्स्टेन्शन मूळ स्वरूपात तेथे चालेनासे झाले. फायरफॉक्सने मात्र जुनी क्षमता कायम ठेवली.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, आरंभी वापरकर्त्याचा अधिकार परक्या आज्ञावलींनी हिरावला आणि नंतर त्याच्या रक्षणाच्या निमित्ताने तो निर्मात्यांकडे एकवटला. निर्मात्यांची चिंता खोटी नव्हती; अनिर्बंध मोकळीकीचे दुष्परिणाम सिद्धच झाले होते. परंतु रक्षकाचा निर्णय चुकल्यास अथवा त्याचे हितसंबंध आड आल्यास दाद कोठे मागावी, याची तरतूद सर्वसामान्यांसाठी झाली नाही. म्हणून वापरकर्त्याचे नियंत्रण तीन कसोट्यांवर तपासावे लागते : बसविण्यापूर्वी संमती, केव्हाही काढण्याची सोय आणि धोका समजून घेऊन अपवाद करण्याचा हक्क. पहिल्या दोन बहुतांशी मान्य झाल्या आहेत. तिसरी मात्र प्रामुख्याने जाणकारांपुरतीच उरली आहे.