यकृत व पचनविकारांवरील पेटंट औषधे

आयुर्वेदिक ग्रंथांतील घटक घेऊन, पण उत्पादकाने स्वतःचा पाठ ठरवून व्यापारी नावाने विकलेली औषधे. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० मध्ये त्यांची स्वतंत्र व्याख्या आहे. ग्रंथोक्त पाठ जसाच्या तसा असल्यास ते शास्त्रीय औषध ठरते, उदा., रसरत्नसमुच्चयातील आरोग्यवर्धिनी. तीत निम्मा भाग कुटकी असून पारा, गंधक, ताम्रभस्म इ. घटक कडुनिंबाच्या पानांच्या रसात खलतात.

महाराष्ट्रात पनवेलचे श्रीधूतपापेश्वर (१८७२) व सांडू ब्रदर्स (१८९९) यांनी कारखान्यात तयार केलेली आयुर्वेदिक औषधे घरोघरी रुळवली. पेटंट औषधांपैकी हिमालय कंपनीचे लिव्ह ५२ (१९५५) सर्वपरिचित आहे. त्यात कासनी, काकमाची, अर्जुन, मंडूरभस्म इ. घटक असतात.

पारा किंवा अन्य विषारी द्रव्ये असलेल्या आयुर्वेदिक औषधांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना बंधनकारक आहे. पित्ताशयातील खडे, जठरांत्रातील व्रण आदी रोग बरे करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरात अधिनियमाने मनाई आहे. कावीळ हे लक्षण असून तिची कारणे अनेक असतात; म्हणून निदानाआधी अशी औषधे घेत राहिल्यास मूळ रोगाचे उपचार लांबतात.