ड्रॅक्युलाचे हरवलेले सेकंद

१९८४ सालच्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या मोहल्ल्यातल्या पोरांनी वर्गणी काढून एका रात्रीपुरता व्हीसीआर भाड्याने आणला होता. सोबत रंगीत टीव्ही आणि तीन कॅसेटी. दोन हिंदी, आणि तिसरी दुकानदाराने वरकड म्हणून दिलेली. तिच्यावर बॉलपेनने नुसतेच 'ड्रॅक्युला' लिहिलेले. पहाटे तीनच्या सुमारास, मोठी माणसे झोपल्यावर, आम्ही ती लावली. कॉपीची कॉपी, तिचीही कॉपी असावी. रक्त लाल नव्हते, चहाच्या रंगाचे होते. इंग्रजी कुणालाच धड कळत नव्हते. पण जिन्याच्या टोकाशी काळ्या झग्यातला तो उंच माणूस उभा राहिला आणि सगळे गप्प झाले.

शेवट तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. डॉक्टर टेबलावरून धावत जाऊन खिडकीचा पडदा खेचतो, ऊन आत येते, दोन मेणबत्तीदाण्यांचा तो क्रूस करतो आणि ड्रॅक्युलाची राख होते. हात झडताना दिसला, पाय दिसला. चेहऱ्याचे काय झाले ते मात्र नीट दिसलेच नाही. आम्ही सकाळी दुकानदाराशी भांडायला गेलो की तू कॅसेट मध्येच कापलीस. तो म्हणाला, 'ओरिजिनलच तशी आहे.' आम्ही विश्वास ठेवला नाही. त्याचे म्हणणे खरे होते, हे मला कळायला पुढची पुष्कळ वर्षे जावी लागली. तो तुकडा १९५८ सालीच, लंडनमध्ये, सेन्सॉरच्या कात्रीने गेला होता.

हा चित्रपट हॅमर नावाच्या कंपनीचा. १९३४ साली ती विल्यम हाइंड्स याने काढली. हा गृहस्थ जवाहिऱ्यांच्या घराण्यातला, आणि हौसेने विल हॅमर या नावाने रंगमंचावर विनोदी कामे करणारा. भयपटांच्या सर्वांत गाजलेल्या कंपनीला एका विदूषकाचे नाव मिळावे, यातच पुढचे बरेच काही आले. १९५१पासून हॅमरचे बस्तान थेम्स नदीकाठी ब्रे येथे बसले. स्टुडिओ म्हणजे मुळात एक जुना वाडा आणि त्याभोवती उभारलेली शेड. कलादिग्दर्शक बर्नार्ड रॉबिन्सन तेच खांब, तोच जिना, तेच तळघर रंग बदलून पुन्हापुन्हा वापरायचा. १९६५ साली एकाच खेडेगावाच्या सेटवर लागोपाठ दोन चित्रपट काढले गेले, एकात चालती प्रेते आणि दुसऱ्यात नागीण झालेली मुलगी! आमच्या तमाशाच्या फडांनाही हे कसब ठाऊक आहे. एकच पडदा, आज दरबार, उद्या जंगल.

१९५७ साली 'द कर्स ऑफ फ्रँकेन्स्टाइन' आला आणि इंग्लंडातल्या समीक्षकांनी नाके मुरडली. भयपट तोवर बहुतांशी काळेपांढरे होते. इथे रक्त रंगीत झाले. नाटकी रक्ताला तिकडच्या धंद्यात 'केन्सिंग्टन गोर' म्हणत, लंडनमधल्या एका सभ्य रस्त्याच्या नावावर केलेली ती कोटी. पीटर कुशिंग आणि ख्रिस्तोफर ली ही जोडी याच चित्रपटाने जमवली. पुढच्या वर्षी त्याच दोघांचा 'ड्रॅक्युला' आला. दिग्दर्शक टेरेन्स फिशर. संगीतकार जेम्स बर्नार्ड याने तर शीर्षकाच्या तीन अक्षरांवरच धून बांधली: ड्रॅ-क्यु-ला. आज ऐकतानाही ती अक्षरे ऐकू येतात. टीकाकार ओरडत राहिले आणि चित्रपटगृहे भरत राहिली. १९६८ साली परदेशांतून चलन आणल्याबद्दल हॅमरला राणीच्या नावाचा उद्योग-पुरस्कारही मिळाला.

याच चित्रपटांना पुढे 'कॅम्प' हा शब्द चिकटला. पुणेकरांनी महात्मा गांधी रोड आठवू नये. कॅम्प म्हणजे असे काही, जे इतके भडक, इतके नाटकी असते की त्याचा भडकपणाच गोड वाटू लागतो. सुसान सोंटॅगने १९६४ साली यावर निबंध लिहिला आणि शब्दाला प्रतिष्ठा मिळाली. उदाहरणे हवीत? १९६६च्या एका चित्रपटात ड्रॅक्युला अथपासून इतिपर्यंत एक शब्दही बोलत नाही, नुसता फूत्कारतो. 'ड्रॅक्युला ए.डी. १९७२'मध्ये तो लंडनच्या चेल्सी भागातल्या फॅशनेबल पोरांत अवतरतो. त्याच्या चेल्याचे नाव अल्युकार्ड. रोमन अक्षरांत ते उलटे वाचले की ड्रॅक्युला होते, आणि हे उमगण्यासाठी कुशिंगसारखा विद्वान कागदावर अक्षरे मांडून एकाची दुसऱ्याशी रेघ जोडत बसतो! 'सायकोमेनिया'त मोटरसायकलवाल्या टोळीच्या म्होरक्याला गाडीवर बसवूनच पुरतात आणि तो गाडीसकट कबर फोडून वर येतो. 'थिएटर ऑफ ब्लड'मध्ये व्हिन्सेंट प्राइस एका जुन्या नटाच्या भूमिकेत आहे. पुरस्कार नाकारणाऱ्या समीक्षकांना तो शेक्सपिअरच्या नाटकांतल्या रीतीने एकेक करून यमसदनी पाठवतो. तीस वर्षे कविता लिहिणाऱ्या माणसाने या चित्रपटाविषयी जास्त न बोललेले बरे.

आता कात्रीकडे येऊ. ब्रिटनमध्ये १९५१ साली 'एक्स' प्रमाणपत्र आले. सोळा वर्षांखालच्यांना प्रवेश बंद. हॅमरने याचीच जाहिरात केली. १९५५च्या 'क्वाटरमास एक्स्पेरिमेंट'मधल्या दुसऱ्या शब्दाचे पहिले 'ई' गाळून त्याची सुरुवात थेट 'एक्स'ने केली. पण बंदी ही विकायची गोष्ट झाली तरी कात्री चालतच होती. 'ड्रॅक्युला'तून दोन ठिकाणचे तुकडे गेले. एक, तो मीनावर झुकतो आणि आपला चेहरा तिच्या चेहऱ्याजवळ नेतो तो. दुसरा, शेवटी तो स्वतःच्याच चेहऱ्यावरून बोटे ओढतो आणि कातडी निघून येते तो. पहिल्यात रक्त नव्हतेच. त्या बाईच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, हीच बहुधा अडचण असावी.

यानंतर व्हिडिओ आला आणि प्रश्न घरात शिरला. १९८०च्या सुमारास ब्रिटनमध्ये कॅसेटींना कुठलेही प्रमाणपत्र लागत नसे. नाक्यावरच्या वाण्याकडेसुद्धा भयपट भाड्याने मिळत. वर्तमानपत्रांनी 'व्हिडिओ नॅस्टीज' असा शब्द काढला, मेरी व्हाइटहाउस बाईंनी मोहीम उघडली, पोलिसांनी दुकानांवर धाडी घातल्या. सरकारी वकिलांच्या यादीत एकूण ७२ चित्रपट चढले. त्यांत बहुतेक अमेरिकी आणि इटालियन होते. हॅमरचा जुना माल तोवर आजोबांच्या गोष्टीइतका निरुपद्रवी ठरला होता. १९८४ साली कायदा झाला आणि प्रत्येक कॅसेटीला प्रमाणपत्र सक्तीचे झाले. गंमत पुढेच आहे. २००९ साली लक्षात आले की हा कायदा करताना युरोपीय आयोगाला कळवायचे राहून गेले होते. म्हणजे पंचवीस वर्षे ज्या कायद्याखाली लोकांना शिक्षा झाल्या, तो अमलात आणण्याजोगाच नव्हता. २०१०च्या जानेवारीत संसदेने तोच कायदा पुन्हा मंजूर केला.

पण ज्या कॅसेटीने हा गोंधळ उडवला, तिनेच हे चित्रपट जगवले. सुरुवातीला तिनेही कापाकापी केली. मायकेल रीव्हज नावाचा एक तरुण दिग्दर्शक होता. त्याचा 'विचफाइंडर जनरल' १९६८ साली आला आणि पुढच्याच वर्षी, पंचविसाव्या वर्षी, तो वारला. सतराव्या शतकातल्या इंग्लंडात चेटकीण म्हणून बायांना फासावर चढवणाऱ्या माणसाची ही कथा. अमेरिकेत तिची कॅसेट निघाली तेव्हा पॉल फेरिसचे मूळ संगीत काढून त्याजागी सिंथेसायझर घातला होता. त्या हिरव्या माळरानावर तो आवाज म्हणजे ओव्यांना डिस्कोचा ठेका. मूळ संगीत नंतरच्या डीव्हीडीवर परत आले.

'द विकर मॅन'ची कथा याहून करुण. १९७३ साली कंपनीने तो कापून ८७ मिनिटांचा केला आणि दुसऱ्या चित्रपटाच्या जोडीला लावून टाकला. ख्रिस्तोफर ली याने यात एक पैसाही न घेता काम केले होते आणि तो या चित्रपटाला आपले उत्तम काम मानायचा. कापलेली फिल्म एका महामार्गाच्या भरावात गाडली गेली, अशी दंतकथा आहे. ती खरी असो वा नसो, मूळ निगेटिव्ह काही मिळाले नाही. अमेरिकी निर्माता रॉजर कॉर्मन याच्याकडे गेलेल्या लांब प्रतीमुळे २००१ साली तुकडे जोडून मोठी आवृत्ती डीव्हीडीवर आली; अमेरिकेत तर ती लाकडी पेटीत घालून विकली गेली. तुकड्यांचा दर्जा इतका वेगळा, की कुठे काय जोडले ते आंधळ्यालाही कळावे. मला ते ठिगळ आवडते. अम्मीच्या गोधडीत जुन्या साडीचा तुकडा ओळखू यायचा, तसे. नंतर हार्वर्डच्या संग्रहात आणखी एक प्रत सापडली आणि २०१३ साली दिग्दर्शक रॉबिन हार्डीच्या संमतीने नवी आवृत्ती निघाली.

जपले म्हणून सगळेच कौतुकाचे ठरत नाही, हेही सांगितले पाहिजे. हॅमरने १९५९ साली 'द स्ट्रँग्लर्स ऑफ बॉम्बे' काढला. ठगांची कथा. कर्नल स्लीमनची मोहीम प्रत्यक्षात जबलपूरकडची, पण नावात मुंबई, आणि हा सगळा हिंदुस्थान उभा केला थेम्सकाठच्या ब्रे स्टुडिओत. कालीचा पुजारी झालेला नट जॉर्ज पॅस्टेल हा सायप्रस बेटावरचा. त्याच वर्षीच्या 'द ममी'मध्ये तोच इजिप्शियन झाला. नाव मेहमेत बे, म्हणजे चांगले मुसलमानी, आणि हा भला माणूस कर्नाक नावाच्या देवतेच्या मूर्तीपुढे नवस बोलतो! कर्नाक हा देव नव्हेच, ते लक्झरजवळच्या मंदिरांच्या ठिकाणाचे नाव. मी हे पाहिले तेव्हा मोठ्याने हसलो. मग थोड्या वेळाने हसू ओसरले. काली काय, मेहमेत काय, पूर्वेकडचा माणूस म्हटला की त्याच्या हातात एक सुरा आणि तोंडात एक मंत्र द्यायचा, एवढेच त्या पटकथांना ठाऊक होते. 'स्ट्रँग्लर्स'ची २००८ साली डीव्हीडी निघाली, पुढे ब्लू-रेही. ती निघाली हे बरे झाले. हरवला असता, तर साहेबाने आम्हाला कसे पाहिले याचा एक पुरावाच गेला असता.

आपल्या रामसे बंधूंचे नाते या घराण्याशी उघड आहे. धुके, हवेली, तळघर, रंगीत उजेड. महाबळेश्वरला मुक्काम ठोकून त्यांनी 'दो गज़ ज़मीन के नीचे' केला तो १९७२ साली. 'पुराना मंदिर' १९८४चा. इथल्या शहाण्यांनी नावे ठेवलेल्या या चित्रपटांच्या नीटनेटक्या डीव्हीडी २००६ साली एका परदेशी कंपनीने काढल्या, कारण तिकडे त्यांचेही वेडे होते. आणि आपल्या कितीतरी मूकपटांची एक फूटभर फिल्मही आज उरलेली नाही.

'ड्रॅक्युला'चे ते सेकंद अखेर टोकियोत सापडले. जपानला जास्त भडक प्रत गेली होती, असे हॅमरचे चाहते कित्येक वर्षे म्हणत आणि लोक त्यांना हसत. २०११ साली तिथल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहात त्या प्रतीची शेवटची काही रिळे मिळाली. १९८४ साली त्या संग्रहाला आग लागली होती. धग आणि पाणी सोसून ही रिळे उरली होती. त्यांतले तुकडे साफ करून २०१३च्या ब्लू-रेमध्ये बसवले गेले.

माझा भाचा लेस्टरला होता, त्याने ती डिस्क पाठवली. ती इथल्या प्लेअरवर चालेना, विभाग वेगळा. पुढे तो कायमचा परत आला तेव्हा तिकडचा प्लेअर घेऊन आला. दिवाळीच्या त्या रात्री वर्गणी गोळा करणारा माझा दोस्त अजून शेजारच्याच गल्लीत राहतो. त्याला बोलावले. रक्त लालभडक होते. पडदा खेचला गेला, ऊन आले, ड्रॅक्युलाने स्वतःच्या चेहऱ्यावरून बोटे ओढली आणि मेणाचा थर सोलून खाली आला. काही सेकंदच.

'बस, एवढंच?' दोस्त म्हणाला. मग रिमोट हातात घेऊन त्याने तो प्रसंग पुन्हा लावला.