परसातले परदेशी

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दादरच्या फूलबाजारात पाय ठेवायला जागा नसते. रस्त्यावर झेंडूचे ढीग, पाटीत झेंडू, टेम्पोत झेंडू. आंब्याच्या पानांत तो गुंफल्याशिवाय दाराला तोरण चढत नाही. इतका आपला वाटणारा झेंडू मूळचा मेक्सिकोचा. अमेरिका खंडाशी जलमार्ग जुळण्याआधी तो या देशात नव्हता. देवळापुढचा पांढरा चाफा, अंगणातली गुलबक्षी, वेणीतला निशिगंध हेही त्याच बाजूचे. फोडणीतली मिरचीसुद्धा.

यातली कितीतरी झाडे शेतात पोचण्याआधी घरामागच्या परसात रुजली असणार. कोकणातले परस पाहिले की कारण लगेच कळते. न्हाणीचे पाणी पाटाने केळीच्या बुंध्याशी जाते, कडेला अळू माजलेले असते, कुंपणावर एखादा वेल चढलेला असतो. शेतावर वर्षाचे धान्य अवलंबून, तिथे कोणी अनोळखी बी टाकून बघत नाही. परसात मात्र एखादे रोप मेले तरी चूल पेटायची राहत नाही. म्हणूनच कुणीतरी दुरून आणलेली बी तिथे हौसेने पुरली जाते.

अशा हौशी माणसांत गार्सिया द ओर्ताचे नाव आधी घ्यायला हवे. हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला. पुढे मुंबई बेट त्याला खंडाने मिळाले. तिथले त्याचे घर आणि बाग आजच्या एशियाटिक सोसायटीच्या मागच्या बाजूला असल्याचे मानले जाते. भारतातल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ गोव्यात १५६३ मध्ये छापला गेला. संवादाच्या रूपात लिहिलेल्या त्या जाडजूड पुस्तकात मुंबईच्या बागेतल्या एका आंब्याचाही उल्लेख येतो. वर्षातून दोनदा फळणाऱ्या त्या झाडाचे त्याला कोण कौतुक!

पुढच्या काही दशकांत परदेशी झाडांचा माग लिखाणात स्पष्ट दिसू लागतो. ब्राझीलचा काजू कोचीच्या बागांत असल्याची नोंद १५७८ च्या एका ग्रंथात सापडते. अननसाबद्दल तर खुद्द जहांगीर बादशहाने लिहून ठेवले आहे: फळ फिरंग्यांच्या बंदरांतले, पण आग्र्याच्या बागेत दरवर्षी हजारोंनी पिकते.

खरी गंमत नावांत आहे. काजू, अननस, पपई, बटाटा हे आपापली नावे सोबत घेऊन आले. मिरचीला मात्र मिरीच्या नात्यात घेतले गेले, कारण तिखटपणाची ओळख तोवर मिरीचीच होती. पांढऱ्या चाफ्याला आपल्या सोनचाफ्याचे नाव मिळाले. दोन्ही झाडांची कुळे वेगळी, पण सुवास पाहून लोकांनी भाऊ मानले. सर्वांत मोठा मान सीताफळाला आणि रामफळाला. एखाद्या फळाला सीतेचे नाव दिले की ते परके होते हे कोणाच्या मनातही येत नाही. अलेक्झांडर कनिंगहॅमसारख्या पुरातत्त्वज्ञालाही भारहूतच्या प्राचीन शिल्पांत सीताफळ दिसले होते. ही आपलेपणाची किमया परसाने केली, आणि तिच्यावर लिहावे तेवढे थोडेच.

परस केवळ नवे झाड जगवत नव्हते, जुन्याला वळणही लावत होते. गोव्यात पोर्तुगीजांच्या काळात आंब्याच्या कलमांना जोर आला. हापूस हे आफोन्सोचे मराठी रूप, तर मानकुरादच्या मुळाशी ‘वाईट रंगाचा’ अशा अर्थाचा पोर्तुगीज शब्द सांगतात. भेट कलम बांधताना पाहणे हा एक सोहळाच असतो. कुंडीतले वर्षाचे रोप माचाणावर चढवून मातृवृक्षाच्या फांदीशी आणायचे. दोघांची साल बोटभर लांबीची, सपाट तासायची. जखमेला जखम नीट भिडवून सुतळीने घट्ट आवळायचे. मग दोन-तीन महिने रोपाला पाणी घालत थांबायचे. जोड एकजीव झाला की फांदी मातृवृक्षापासून एकदम न तोडता थोडी थोडी कापत न्यायची.

एकोणिसाव्या शतकात हे काम सरकारी बागांनीही हाती घेतले. १८२८ मध्ये पुण्याजवळ दापोडीला वनस्पती उद्यान उभे राहिले. तिथले अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन यांनी देशी-परदेशी झाडांची चित्रे एका भारतीय-पोर्तुगीज चित्रकाराकडून काढून घेतली. चित्रे आज एडिनबरोच्या उद्यानात जपलेली आहेत. चित्रकाराचे नाव मात्र त्यांवर नाही, याची हळहळ वाटते. मुंबईची राणीची बाग १८६२ मध्ये खुली झाली. १८९८ मध्ये घोलवडला चिकू लागला आणि डहाणूचा सारा किनाराच त्याने व्यापला. हा चिकूही मेक्सिकोकडचाच.

आता परसाची जागा गच्चीने आणि बाल्कनीने घेतली आहे. तिथे प्लास्टिकच्या ड्रमात, सिमेंटच्या खांबाला बांधलेले ड्रॅगन फ्रूट वाढते. निवडुंगाच्या जातीचे हे झाड झेंडूच्याच मुलुखातले. त्याचे वीतभर पांढरे फूल रात्री उमलते आणि सकाळी मिटते. एवढ्या वेळात परागकण पोचावेत म्हणून लोक टॉर्च आणि रंगाचा ब्रश घेऊन रात्री गच्चीवर जातात. गुजरात सरकारने २०२१ मध्ये या फळाला ‘कमलम’ म्हटले. मराठी गच्चीवर त्याला अजून इंग्रजी नावानेच हाक मारतात.