संगणकाच्या जगातली सावड

मंडळी, भातलावणीला आपल्याकडे सावड असते. आज तुमच्या शेतात, उद्या माझ्या. मजुरी नाही, मुकादम नाही. संगणकाच्या जगातही अशी एक सावड जमली. तिची ही हकीकत.

१९९१ च्या ऑगस्टची गोष्ट. हेलसिंकीचा लिनस टॉरव्हाल्ड्स हा २१ वर्षांचा विद्यार्थी. संगणक चालवणारी प्रणाली तो हौसेने लिहीत होता. ती दडवून न ठेवता त्याने संगणकांच्या जाळ्यावरून लोकांच्या सूचना मागितल्या. १९९२ मध्ये तिला मोकळा परवाना दिला: वापरा, बदला, वाटा, मात्र बदललेले वाटाल तर तेही असेच मोकळे ठेवा. देशोदेशीचे हात लागले आणि 'लिनक्स' वाढली. आपल्या अँड्रॉइड फोनचा गाभा तीच.

पुढे कसोटी आली. दुरुस्त्यांच्या नोंदींसाठी २००२ पासून 'बिटकीपर' हे एका कंपनीचे साधन फुकट मिळत होते. २००५ साली ती सवलत बंद झाली. काम सर्वांचे, पण वहीची किल्ली परक्याच्या हाती! तेव्हा एप्रिलमध्ये टॉरव्हाल्ड्सने थोड्याच दिवसांत 'गिट' रचले. त्यात प्रत्येकाजवळ सबंध वही, पहिल्या नोंदीपासून. एकाची गेली, तरी दुसऱ्याची शाबूत.

म्हणून तिथे बेबंदशाही आहे असे नव्हे. प्रत्येक भागाला राखणदार असतो. तो काम पारखूनच पुढे धाडतो. नवशिक्या लहानशी चूक दुरुस्त करून आत येतो. गुरुजनहो, शाळेत मुलांना हे जरूर सांगा: तिथे पदवी विचारत नाहीत, काम पाहतात.