खेळातून बालनिरीक्षण : बोर्डी ते शाहूवाडी

प्रस्तावना :
राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. शाळेच्या वयापूर्वीचे मूल मात्र या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिले.

विवेचन :
या वयाच्या मुलाचे शिक्षण महाराष्ट्राच्या खेड्यांत नेण्याचे श्रेय ताराबाई मोडक (१८९२-१९७३) यांच्याकडे जाते. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत कार्य केल्यानंतर त्यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. महागड्या माँटेसोरी साधनांची जागा तेथे शिंपले, बिया, पाने व खडे यांनी घेतली. पुढे कोसबाडच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी व शाळा एकत्र आल्या. मूल खेळत असताना त्याचे निरीक्षण करणे हा या पद्धतीचा पाया होता.

१९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेत पूर्वशालेय शिक्षण तीन ते सहा वयोगटासाठी ठेवण्यात आले. त्याखालील बालकांसाठी भर राहिला तो आहार, लसीकरण व वजन यांवर. परिणामी डब्यात खडे भरून पुन्हा ओतणारे दीड वर्षाचे मूल वजनकाट्यावर दिसले. खेळात दिसले नाही. २०२४ च्या 'नवचेतना' आराखड्याने या उणिवेची दखल घेतली.

निष्कर्ष :
शाहूवाडीच्या एखाद्या वाडीवर बालसंगोपन विषयाच्या प्रकल्पासाठी विद्यार्थिनी अंगणातील मुलाचा खेळ टिपते, तेव्हा ती केवळ गुणांसाठी वही भरत नाही. वजनाच्या तक्त्यात न मावणारी नोंद ती करते.