एका विषाणूचे पाठभेद

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत १९१९ सालीं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीच्या कार्यास आरंभ झाला आणि १९६६ सालीं तें सिद्धीस गेलें. बाराशेंहून अधिक हस्तलिखितें त्यासाठीं ताडून पाहण्यांत आलीं. नक्कल करतांना एका लेखकूच्या हातून झालेली चूक त्या पोथीवरून उतरलेल्या पुढील प्रत्येक पोथींत येते. म्हणून दोन पोथ्यांत तीच ती चूक वारंवार आढळली, तर त्या बहुधा एकाच मूळ प्रतीच्या लेकी आहेत, असें अनुमान निघतें. अशा पाठभेदांवरून पोथ्यांचीं घराणीं लावतां येतात.

याच शहरांत डॉ. आंबेडकर रस्त्यावर दुसरी एक संस्था आहे. तिच्या संग्रहांतील पोथ्या डोळ्यांना दिसत नाहींत; त्या लहान लहान कुप्यांत गोठवून ठेवलेल्या असतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेंतील रॉकफेलर प्रतिष्ठान यांच्या सहकार्यानें १९५२ सालीं ती विषाणु संशोधन केंद्र या नांवानें स्थापन झाली. १९७८ पासून ती राष्ट्रीय विषाणु विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. पाठभेद ताडून पाहण्याची तीच रीत येथील कुप्यांना लावली, तेव्हां चिकुनगुन्या या तापाचा एक अनपेक्षित इतिहास उघडकीस आला.

योगायोग असा, कीं ज्या वर्षीं हें केंद्र निघालें, त्याच वर्षीं पूर्व आफ्रिकेंत, आजच्या टांझानियांतील माकोंडे पठारावर, या रोगाची साथ उद्भवली. तेथील रुग्णाच्या रक्तांतून १९५३ सालीं विषाणु वेगळा काढण्यांत आला. रोगाचें नांवही माकोंडे भाषेंतलेंच. शरीर वांकवून टाकणारा, असा त्याचा भावार्थ. ताप चार-सहा दिवसांत उतरतो. पण सांध्यांची पीडा आठवडेच्या आठवडे, कित्येकांना तर महिनेच्या महिने सोडीत नाहीं. मृत्यु क्वचितच येतो. परंतु ज्याचें पोट हातावर आहे, त्याला पाण्याचा तांब्यासुद्धां उचलवेनासा झाला म्हणजे साऱ्या घराची चूल थंडावते.

भारतांत हा विषाणु प्रथम १९६३ सालीं कलकत्त्यास हातीं लागला. पुढील दोन वर्षांत मद्रास आणि नागपूर येथेंही साथी झाल्या. १९७३ सालीं सोलापूर जिल्ह्यांतील बार्शी येथें साथ आली, तेव्हां पाहणींत लोकसंख्येपैकीं शेंकडा ३७.५ माणसें आजारी झाल्याचें आढळलें. त्यानंतर मात्र सारें शांत झालें. एक पिढी वाढली, डॉक्टर झाली, आणि त्या डॉक्टरांनीं हा रोग पुस्तकाबाहेर पाहिलाच नाहीं. १९८६ सालीं पुण्याच्याच संस्थेच्या तत्कालीन संचालिका डॉ. खुर्शेद पावरी यांनीं चिकुनगुन्या विषाणु भारतांतून व आग्नेय आशियांतून नाहींसा झाल्याविषयीं लिहिलें. त्या वेळचा पुरावा पाहतां तसें वाटणें स्वाभाविकच होतें.

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्यानें निघालें, म्हणजे सुमारें चाळीस किलोमीटरांवर यवत लागतें. येथें २००० सालीं पकडलेल्या एडीस इजिप्ती जातीच्या डांसांत चिकुनगुन्याचा विषाणु सांपडला. दुसऱ्या वर्षीं त्याची नोंद एका शास्त्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. कुपी जपून ठेवण्यांत आली. देशांत कोठेंही साथ नव्हती, आणि एका गांवच्या डांसांविषयींची नोंद लोकांच्या लक्षांत राहण्याचें कांहीं कारणही नव्हतें.

पुढें २००५ च्या अखेरीस आंध्र, कर्नाटक व महाराष्ट्र या प्रांतांत गांवेंच्या गांवें तापानें व सांधेदुखीनें आडवीं झालीं. एकट्या २००६ सालीं देशांत सुमारें १३ लाख ९० हजार संशयित रुग्णांची नोंद झाली. नाहींसा झालेला विषाणु बत्तीस वर्षांनीं परत आला, असेंच कोणालाही वाटलें असतें. परंतु तो तोच होता काय?

येथें कुप्या कामास आल्या. या विषाणूची जनुकीय लिपि सुमारें ११,८०० अक्षरांची आहे, आणि अक्षरें अवघीं चार. ती आर.एन.ए. या द्रव्यांत लिहिलेली असते. डी.एन.ए.ची नक्कल होतांना चुका तपासून दुरुस्त करण्याची जी व्यवस्था असते, ती येथें नाहीं. मुद्रितें तपासणारा कोणी नसलेल्या छापखान्यासारखी ही स्थिति. चुका होत राहतात. बहुतेक वायां जातात, कांहीं टिकतात आणि वंशपरंपरा पुढें चालतात. अशा टिकलेल्या चुकांवरून या विषाणूचीं तीन घराणीं ठरलीं आहेत : पश्चिम आफ्रिकेचें, पूर्व-मध्य-दक्षिण आफ्रिकेचें आणि आशियाचें.

नव्या साथींतील आणि जुन्या साठ्यांतील विषाणूंची लिपि ताडून पाहण्यांत आली व तिचा निष्कर्ष २००६ सालींच प्रसिद्ध झाला. १९६३ ते १९७३ पर्यंतचे सर्व विषाणु आशियाई घराण्याचे निघाले. नव्या साथीचे विषाणु आफ्रिकी घराण्याचे निघाले. आणि यवतची २००० सालची कुपीही आफ्रिकीच ठरली. जुना पाहुणा परत आला नव्हता. त्याच्या नांवानें दुसराच आला होता, आणि त्याच्या घराण्यांतील एक जण साथीच्या पांच वर्षें आधींच पुण्याच्या वेशीशीं येऊन राहिला होता. अर्थात् यवतचा विषाणु हाच मोठ्या साथीचा जनक, असें यावरून ठरत नाहीं. त्या साथीचा माग २००४ मध्यें केनियाच्या किनाऱ्यावर आणि नंतर हिंदी महासागरांतील बेटांवर लागतो.

त्या बेटांवर आणखी एक गोष्ट घडली. रियुनियन बेटाची सुमारें एक तृतीयांश वस्ती २००५-०६ मध्यें आजारी पडली. तेथें एडीस इजिप्तीपेक्षां एडीस अल्बोपिक्टस हा पट्टेरी डांस विपुल आहे. विषाणूच्या बाह्य आवरणांतील ई-१ या प्रथिनांत २२६ व्या स्थानीं ॲलॅनिनच्या जागीं व्हॅलिन आलें, आणि एवढ्या एका बदलानें त्या डांसाच्या अंगांत त्याची वाढ पुष्कळ सुकर झाली. २००६ च्या भारतीय विषाणूंत हा बदल नव्हता. २००७ सालीं केरळांत तो आढळला. तेथें रबराच्या मळ्यांत चीक गोळा करण्याच्या वाट्यांत पावसाचें पाणी सांचतें, आणि हाच डांस त्यांत वाढतो. रियुनियनचा बदल उसना न घेतां केरळच्या विषाणूंत तो स्वतंत्रपणें घडला, असें लिपीच्या तुलनेवरून दिसून आलें. दूर दूर बसलेल्या दोन लेखकूंच्या हातून एकाच शब्दाची तीच चूक व्हावी, तसें हें झालें. भेद इतकाच, कीं येथें ती चूक विषाणूच्या फायद्याची होती, म्हणून दोन्हीं ठिकाणीं टिकली.

या इतिहासांतून एक व्यावहारिक बोध निघतो. रोगी दिसत नाहींत, एवढ्यावरून विषाणु नाहींसा झाला असें ठरत नाहीं. आणि रोगाचें नांव तेंच राहिलें, तरी आंतील विषाणु तोच असतो असेंही नाहीं. म्हणून साथ नसलेल्या वर्षीं डांस पकडणें, नमुने तपासणें व ते जपून ठेवणें, हीं कामें कंटाळवाणीं वाटलीं तरी टाळतां येत नाहींत. बार्शीच्या काळच्या कुप्या तीन दशकें कोणी सांभाळल्या नसत्या, तर २००६ सालीं तुलनेला जुनी पोथीच उरली नसती.

२०२४ सालीं पुण्यांत चिकुनगुन्याचे रुग्ण पुन्हां मोठ्या संख्येनें आढळले. एडीस डांस गटारांत वाढत नाहीं. त्याला घरांतलें स्वच्छ पाणी लागतें. पिंपाच्या कडेला चिकटलेलीं त्याचीं अंडीं कोरड्यांत कित्येक महिने तग धरतात आणि पाणी लागतांच फुटतात. म्हणून पाणी ओतून पिंप नुसतें रिकामें करणें पुरत नाहीं. आठवड्यांतून एकदां तें आंतून घांसावें लागतें.