'सिन सिटी'चा दुसरा भाग का आपटला? काय होती प्रेक्षक-समीक्षकांची मतं?

काळा-पांढरा पडदा आणि त्यात मध्येच लाल ओठ किंवा हिरवे डोळे. फ्रँक मिलर यांच्या कॉमिक्सवर बेतलेला 'सिन सिटी' 2005 साली आला, तेव्हा अशा दृश्यांची जगभर चर्चा झाली. सुमारे 4 कोटी डॉलर्समध्ये बनलेल्या या सिनेमाने 15 कोटींहून जास्त कमावले. पुढचा भाग 'अ डेम टू किल फॉर' मात्र 2014 मध्ये आला आणि पडला. बजेट होतं साधारण साडेसहा कोटी डॉलर्स, जगभरातली कमाई 4 कोटींच्या आसपास.

दिग्दर्शक तेच होते, रॉबर्ट रॉड्रिगेझ आणि मिलर. मग बिनसलं कुठे?

नवलाई संपली

सर्वाधिक ऐकू आलेली तक्रार उशिराची होती. मधल्या नऊ वर्षांत '300' आणि खुद्द मिलर यांनी दिग्दर्शित केलेला 'द स्पिरिट' अशा सिनेमांनी हा लूक सवयीचा केला होता. 2005 मध्ये थक्क करणारी गोष्ट 2014 मध्ये थ्रीडीत येऊनही जुनीच वाटली.

कथेचा गुंता

यातल्या काही कथा पहिल्या भागाच्या आधी घडतात, तर काही नंतर. त्यामुळे पहिल्या भागात मेलेला मार्व्ह इथे जिवंत दिसतो. ड्वाइटच्या भूमिकेत क्लाइव्ह ओवेनऐवजी जॉश ब्रोलिन आहे. पहिला भाग विसरलेल्यांचा गोंधळ उडाला. जोसेफ गॉर्डन-लेविटच्या जुगाऱ्याची आणि नॅन्सीच्या सूडाची कथा मिलर यांनी सिनेमासाठी नव्याने लिहिली होती. मूळ कॉमिकवरच्या कथेपुढे त्या अनेकांना फिक्या वाटल्या.

एव्हा ग्रीन आणि बायकांच्या चित्रणाचा वाद

सिनेमा न आवडलेल्यांनीही एव्हा ग्रीनचं कौतुक केलं. तिची एव्हा लॉर्ड पुरुषांना खेळवते आणि प्रत्येकासमोर वेगळी बाई होते. तिचं एक पोस्टर अमेरिकेतल्या रेटिंग देणाऱ्या संस्थेने अंगप्रदर्शनाच्या कारणावरून नाकारलं होतं.

खरा वाद मात्र इथेच आहे. टीकाकारांच्या मते या शहरात बाईला मोहिनी, वेश्या किंवा बारमधली नर्तकी यापलीकडे जागाच नाही. चाहते म्हणतात, जुन्या नुआर सिनेमांचा हाच साचा आहे आणि इथे तो मुद्दाम भडक केलाय. त्यावर उलट प्रश्न येतो: साचा नुसता मोठा करून दाखवला, तर ती त्याच्यावरची टिप्पणी कशी?

हिंसेबद्दलही तेच. तुटलेली मुंडकी आणि पांढरं रक्त काहींना चालत्या कॉमिकसारखं वाटलं. इतरांना त्या माराचं काही वाटेनासं झालं, आणि हाच त्यांचा आक्षेप होता.

मग पाहावा का?

पहिला भाग आवडला असेल तर एव्हा लॉर्डच्या कथेसाठी जरूर पाहा, पण पहिला भाग आधी बघून घ्या. दोन्ही सिनेमे फक्त प्रौढांसाठी आहेत.